रखमाबाईंची आमरी

मोरिवलीतल्या त्या घराला लोक रखमाबाईंचं घरच म्हणायचे. रखमाबाई भाद्रपदात गेल्या, त्याला दोन महिने होत आले, तरी रिक्षावाल्याला पत्ता सांगताना कुणी त्यांच्या नवऱ्याचं, कोंडाजींचं नाव घेत नव्हतं, आणि कोंडाजींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. घर होतंच रखमाबाईंचं. कंपनीच्या कंपाउंडला पाठ लावून बसलेलं, पुढे ओटा, ओट्यावर पत्रा, आणि जिथे म्हणून हात टेकावा तिथे झाड.

कार्तिकातल्या एका सकाळी कोंडाजी त्या झाडांना पाणी घालत होते. पत्र्याच्या वाशाला तारेने एक जांभळीचा ओंडका टांगला होता आणि ओंडक्यावर रखमाबाईंची आमरी, रानातलं ऑर्किड, बसली होती. बसली होती असंच म्हणायला हवं, कारण मातीशी तिचा संबंध नव्हता. रानात मोठ्या झाडांच्या सालीवर आणि उघड्या कातळावर राहणारी जात ती. करंगळीएवढ्या अकरा कांड्या, कांद्याच्या सालीसारख्या पांढऱ्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या, आणि लाकडाला मिठी मारून राहिलेली जाड पांढरी मुळं. पाऊस सरला तशी तिची पानं पिवळी पडून गळायला लागली होती. कोंडाजींना वाटलं, तहानली. म्हणून ते सकाळी घालायचे, दुपारी घालायचे, आणि दिवेलागणीला पुन्हा एकदा.

त्या दिवशी एक कांडी बोटाला मऊ लागली. जरा दाबली तर काळं पाणी आलं. वास आला तो त्यांना ओळखीचा वाटला, आणि कुठला ते आठवताच त्यांनी हात धोतराला पुसला. रखमाबाई गेल्या त्या इस्पितळातल्या खोलीतला वास.

आठवडाभरात चार कांड्या गेल्या. सात उरल्या.

कोंडाजी एकतीस वर्षं पाणीखात्यात वॉलमन होते. अंबरनाथच्या कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी सोडायचं आणि किती वाजता बंद करायचं, हे त्यांच्या हातात होतं. माणसाच्या छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटेपासून फिरायचे. बायका खिडकीतून हाका मारायच्या. काका, आज दहा मिनिटं कमीच सोडलंत. काका, आमच्यावर तुमचा काय राग आहे का? कुणी चहा द्यायचं, कुणी शिव्या. ते चहा प्यायचे आणि शिव्याही तशाच गिळायचे. घरात मात्र एका कुंडीत तांब्याभर पाणी त्यांनी कधी ओतलं नाही. मी गावाला पाजतो, घरचं तू बघ, असं त्यांनी लग्नानंतर सांगून टाकलं होतं, आणि रखमाबाईंनी ते मनावर घेतलं होतं.

रखमाबाई जुन्नरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. इथे आल्या तेव्हा घरामागची जमीन आधीच कंपन्यांखाली गेलेली. उरलेल्या हातभर मातीत त्यांनी गुलाब लावला, तर दुसऱ्या दिवशी पानं करपून गोळा झाली. वारा कंपनीकडून आला की असंच व्हायचं. दुसरी कुणी असती तर कंटाळली असती. त्या मात्र बघत बसायला लागल्या. नवीन रोप आलं की आठ दिवस त्याला पायरीवर नुसतं ठेवायच्या. खत नाही, कुंडी बदलणं नाही. पाहुणा आहे, त्याला आधी घर बघू दे, म्हणायच्या. ते कुठल्या बाजूला मान वळवतं, पान उघडं ठेवतं की मिटून घेतं, हे नवव्या दिवशी त्यांना कळलेलं असायचं.

सावलीत हिरवट पडलेला क्रोटन त्यांनी उन्हात सरकवला आणि तो महिनाभरात लालभडक झाला. बाटलीत बोटभर पानं घेऊन राहणारा मनीप्लांट त्यांनी मागच्या नारळाच्या बुंध्याला लावला, तर वर चढता चढता त्याची पानं सुपाएवढी झाली आणि फाटायला लागली. एकच वेल, पण खालचं पान वरच्या पानाला ओळखणार नाही, असं त्या म्हणायच्या. मोरीच्या सांडपाण्यात कर्दळ. कंपनीच्या भिंतीला बोगनवेल, तिला तर उपाशी ठेवूनच फुलवायच्या.

आमरी त्यांना बदलापूरच्या भागीरथीने दिली होती. भागीरथी डोंगराकडच्या पाड्यातली, बदलापूरच्या बाजारात रानभाजी आणि कंद घेऊन बसायची. वाऱ्याने पडलेल्या फांदीवर ती सापडली, एवढंच सांगून तिने ती रखमाबाईंच्या पिशवीत टाकली होती. चार वर्षं झाली. दर शिमग्याला त्या वाळक्या कांड्यांवर पांढरी फुलं यायची, आणि कोंडाजी त्यांच्याकडे न बघता खालून वाकून आत जायचे.

मग भाद्रपदात रखमाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, दोन दिवस तोंडात पाण्याचा थेंबही जायला नको. कोंडाजी उशाशी बसले. पहिल्या दिवशी संध्याकाळी रखमाबाई शुद्धीवर आल्या आणि पाणी म्हणाल्या. कोंडाजींनी नाही म्हटलं. त्या पुन्हा म्हणाल्या. रात्रभर म्हणत राहिल्या, आणि कोंडाजी रात्रभर नाही म्हणत राहिले, आधी समजावून, मग रागावून, मग नुसती मान हलवून. एकतीस वर्षं वेळेआधी वॉल न उघडणारा माणूस, त्याला आलेली ऑर्डर मोडता येत नव्हती. सकाळी सून किर्ती आली तेव्हा ते अंघोळीला म्हणून घरी गेले. परत येईपर्यंत सगळं झालं होतं. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. कुणाची चूक नव्हती.

मुलगा संतोष तेव्हा कंपनीत शिफ्टवर होता. जाणाऱ्याच्या तोंडात मुलाने नाहीतर नवऱ्याने पाणी घालायचं असतं. ते राहिलं.

घरात रखमाबाईंची कॉट होती तिथे दहा दिवस दिवा आणि तांब्याभर पाणी ठेवतात. अकराव्या दिवशी दिवा उचलला गेला. तांब्या कोंडाजींनी उचलू दिला नाही. रोज सकाळी ते तो काठोकाठ भरायचे आणि दुसऱ्या दिवशी पाणी बोटभर कमी झालेलं असायचं. पत्र्याच्या घरात ऊन तापतं, पाणी उडणारच, संतोष म्हणाला. कोंडाजी तरी भरतच राहिले. दुपारी अडीचला कंपनीचा भोंगा होऊन गेला आणि सगळं शांत झालं की त्यांना ऐकू यायचं. मोठ्याने नाही. कोरड्या तोंडातून जीभ सुटावी तसं. पाणी. मग ते उठायचे आणि तांब्या भरलेला असेल तर झाडांना घालायचे. कुणालातरी घालायलाच हवं होतं. त्या कांड्या तर समोर टांगलेल्या, पानं गळालेल्या, कोरड्या.

सात कांड्या उरल्या तेव्हा त्यांनी ओंडका पिशवीत घातला आणि उल्हासनगरला गेले. तिथे धर्मेशचं दुकान होतं, शोभेच्या झाडांचं. दुकानात ओळीने आमरी लटकलेल्या, प्लॅस्टिकच्या कुंड्यांत कोळसा आणि नारळाच्या शेंड्या, जांभळी फुलं अशी की कागदाची वाटावीत. धर्मेशने ओंडका फिरवून बघितला.

"काका, ये तो जंगली माल है. आणि गया समझो. त्यापेक्षा ही घ्या, थायलंडची. बारा महिने फूल."

"बारा महिने? मग हिला आराम कधी?"

"दुकानात कसला आराम, काका. मला तरी कुठे आहे?" धर्मेश हसला, आणि बुरशीच्या औषधाची बाटली पुढे करून म्हणाला की रोज फवारा, बघू.

रोज फवारायचं म्हटल्यावर कोंडाजींना बरं वाटलं. निदान काहीतरी करायला सांगणारा माणूस भेटला होता. त्यांनी औषध मारलं, वर पाणीही घातलं. चार दिवसांत आणखी दोन कांड्यांच्या बुडाला काळं चढलं.

मग ते बदलापूरला गेले. भागीरथी करांद्यांची टोपली घेऊन बसली होती. रखमाबाई गेल्याचं तिला कळलं नव्हतं. ऐकून ती बराच वेळ टोपलीतले कंद उगाच इकडचे तिकडे करत राहिली. मग तिने ओंडका मांडीवर घेतला, कमरेचा कोयता काढला आणि त्या दोन काळ्या कांड्या मुळापासून उडवल्या. पाच उरल्या.

"पानी घालतोस?" तिने विचारलं. तिच्या पाड्यात सगळ्यांना तूच म्हणतात.

कोंडाजींनी मान डोलावली.

"आता नको घालू. शिमग्यापर्यंत एक टिपूस नको." ती म्हणाली. "मेली नाय ती. पानं टाकली म्हंजे तिनंच आतून दार लावून घेतलंय. तू कशाला ठोकत बसतोस?"

कोंडाजींच्या हातातली पिशवी खाली पडली. तेच शब्द. एक थेंब नको. तेव्हाही असंच कुणी जाणत्याने सांगितलं होतं, आणि त्यांनी ऐकलं होतं, आणि त्याचं काय झालं ते त्यांना माहीत होतं.

घरी येऊन त्यांनी ओंडका वाशाला पुन्हा टांगला. पहिला दिवस निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्या दिवशी दुपारी भोंगा झाला. कोंडाजी ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, आणि आवाज आतून नाही आला, वरून आला, त्यांच्या डोक्यावरून, त्या कांड्यांतून. पाणी. त्यांनी कानावर हात ठेवले. नंतर किर्तीला दिसलं ते एवढंच, की सासरे स्टुलावर उभे आहेत आणि ओंजळीने ओंडक्यावर पाणी सोडताहेत, हळूहळू, तोंडात घालावं तसं. ती दारातच थांबली आणि मागे फिरली.

हे दहा-बारा दिवस चाललं. रोज ठरवायचं आणि रोज मोडायचं. पाचातल्या दोन गेल्या. तीन उरल्या, आणि त्याही सुरकुतल्या होत्या. त्या तिन्ही गेल्या की रखमाबाईंच्या हातचं हे एक, जे त्यांनी स्वतःहून मागून आणलं नव्हतं, जे त्यांच्याकडे राहायला आलं होतं, ते संपलं असतं. कोंडाजींना तेवढं स्पष्ट दिसत होतं. घातलं तर मी मारणार. नाही घातलं तर पुन्हा मीच.

पौषात ते परत भागीरथीकडे गेले आणि कबूल केलं की जमत नाही. ती रागावली नाही. उद्या उजाडायला पाड्यावर ये, म्हणाली, तुला दाखवते.

थंडी होती. पाड्याच्या वर अर्धा तास चढून गेल्यावर झाडी संपली आणि काळा कातळ आला, भिंतीसारखा उभा, ना माती ना पाणी. त्यावर सगळीकडे कांड्या होत्या. शेकड्यांनी. सुरकुतलेल्या, पांढऱ्या, एकही पान नसलेल्या, कातळाच्या भेगांना धरून राहिलेल्या. धुक्यात त्या हाडांसारख्या दिसत होत्या. कोंडाजी दोन पावलं मागे सरकले. एवढी सगळी तहान एका जागी त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी कान दिला. त्यांना वाटलं, इथे तर सगळ्या मिळून हाका मारत असतील. पण कातळावर कसलाच आवाज नव्हता.

भागीरथीने त्यांचा हात धरून बोट एका मुळावर टेकवलं. मूळ ओलं होतं. आणि पांढरं नव्हतं, हिरवं होतं, पोपटी.

"दव," ती म्हणाली. "रातच्याला पडतं तेवढं पिते. मूळ कापसावानी हाय तिचं, टिपून घेतं. त्याच्यावर जास्त तिला सोसत नाय."

ऊन कातळावर आलं. तासाभरात धुकं उडालं आणि ती सगळी मुळं पुन्हा खडूसारखी पांढरी झाली. भागीरथी खाली गेली तरी कोंडाजी तिथे बसून होते.

दुपारी ते घरी आले तेव्हा किर्ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. एरवी ते सुनेशी चार शब्दांपलीकडे बोलायचे नाहीत. त्या दिवशी चपला काढता काढताच सांगायला लागले. कातळ कसा, कांड्या किती, आणि तिचं मूळ कापसासारखं असतं, ओठ ओले व्हावेत एवढंच पाणी टिपतं, आणि तेवढ्यावर ती जगते.

कापूस म्हटल्यावर किर्तीचा हात सुपात थांबला. मग तिने सूप बाजूला ठेवलं.

"बाबा, मी आईंना पाणी दिलं होतं."

कोंडाजींना आधी कळलंच नाही.

तिने अडखळत सांगितलं. ते अंघोळीला गेल्यावर नर्स आली होती. ओठ फार सुकलेत, कापूस ओला करून फिरवा म्हणाली, फक्त ओठांवरून, आत जाऊ देऊ नका. किर्तीने फिरवला. रखमाबाईंनी डोळे उघडले आणि तिचं मनगट धरलं. तिने कापूस दोनदा पिळला. त्यांच्या तोंडात. दोनदा. त्यांनी गिळलं, आणि तिच्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या, ते तिला कळलं नाही. अर्ध्या तासाने त्या गेल्या.

"डॉक्टर थेंब नको म्हणाले होते ना," किर्ती म्हणाली. "मी कुणालाच सांगितलं नाही. यांनाही नाही. मला वाटतं, त्यामुळेच." तिने सूप उगाच पुन्हा जवळ ओढलं. मग ती म्हणाली, "तुम्ही तांब्या भरता ना रोज, मला वाटायचं तुम्हाला कळलंय. माझ्यासाठी ठेवताय, मला दिसावा म्हणून."

कंपनीचा भोंगा झाला आणि थांबला. कोंडाजी ओट्याच्या कडेला बसले. चार महिने एका घरात, एका तांब्याच्या दोन बाजूंना ती दोघं उभी होती. एकाने पाणी दिलं नाही म्हणून, एकीने दिलं म्हणून.

"गिळलं तिने?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दोन्ही वेळा?"

"हो, बाबा."

त्यांनी आत तांब्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं केलंस. मला नसतं झालं."

एवढंच. डॉक्टरांनी हृदयाचंच कारण सांगितलं होतं, कापसाचा त्यात काही दोष नाही, हे त्यांनी तिला आणखी दोनदा ऐकवलं, एकदा त्या दिवशी आणि एकदा संतोषसमोर. तिला ते किती पटलं ते तिलाच ठाऊक. पण त्या संध्याकाळी तिने तांब्या उचलून फडताळात ठेवला आणि कोंडाजींनी ठेवू दिला.

आवाज थांबला, असं मात्र झालं नाही. माघभर तो येत राहिला. कोंडाजी त्या वेळी ओट्यावरून उठून आत जात नसत, उलट तिथेच ठाण मांडून बसायचे, हात मांडीखाली दाबून. वर तीन कांड्या वाळत होत्या, दर दिवशी थोड्या जास्त. येणारेजाणारे म्हणायचे, काका, काढून टाका आता ते, कशाला वाळकं लाकूड दारात. किर्ती सकाळी केर काढायला बाहेर यायची तेव्हा सासरे आधीच स्टुलावर चढलेले असायचे, हातात काही नाही, नुसते मुळांकडे बघत. हिरवी आहेत, ते सांगायचे. नऊ वाजेपर्यंत पांढरी होतील. कंपनीच्या धुरकट दवावरही भागवतेय बघ.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात एका कांडीच्या पेऱ्यावर मोहरीएवढी गाठ दिसली. मग दुसऱ्या कांडीवर. तिसरी तशीच राहिली. फुलं उमलली ती पाच, पांढरी, कडेला किंचित गुलाबी, पानाचा पत्ता नसलेल्या, मेलेल्या दिसणाऱ्या काठीतून थेट बाहेर आलेली. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. रखमाबाईंच्या वेळी गुच्छ असायचे, एकजण म्हणाली. कोंडाजी म्हणाले, हो, असायचे. ते खालून वाकून आत गेले नाहीत. फुलांच्या उंचीला तोंड नेऊन उभे राहिले, आणि चार वर्षं जे दारात होतं ते पहिल्यांदा बघितलं.

वैशाख संपत आला तेव्हा कांडीच्या बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब निघाला. भागीरथीने सांगून ठेवलं होतं, कोंब आला की तिने दार उघडलं, आता पाणी दे, थोडं थोडं. कोंडाजींनी सकाळीच लोटी भरून आणली. स्टूल लावलं. पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"किर्ती," त्यांनी हाक मारली. ती पोळ्या सोडून, पिठाच्या हातानेच आली. "पहिलं पाणी तू घाल."

"मी? तुम्ही एवढे दिवस वाट बघितलीत."

"तू घाल. तुझ्या हातचं तिने घेतलंय."

किर्तीने पदराला हात पुसले आणि ती स्टुलावर चढली. बोटं लोटीत बुडवून तिने मुळांवर पाणी शिंपडलं, एकदा, आणि जरा थांबून आणखी एकदा. पांढरी मुळं बघता बघता हिरवी झाली. आत खोलीत रखमाबाईंची कॉट वाजली, कुणी कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपावं तशी. संतोष कामावर गेलेला होता. घरात ती दोघंच, आणि दोघंही ओट्यावर. किर्तीने खाली कोंडाजींकडे बघितलं. कोंडाजींनी स्टूल हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, आणि ते कोंबाकडे बघत होते.